ऑफिसात फाईल कॉपी व्हायला तास का लागतो? नवा सर्व्हर घेण्याआधी हे तपासा

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. डिझाइनच्या खोलीत नवे कोरे दोन पीसी, अकाउंट्सला विंडोज ७ वर चालणारी जुनी मशिनं, लॅबमध्ये स्पेक्ट्रोमीटरला जोडलेला एक्सपीचा पीसी आणि केबिनमागच्या खोलीत सगळ्यांच्या फायली ठेवलेला सर्व्हर. वायरिंग असं एकदाच कधी झालेलंच नाही. टेबल वाढलं की केबल ओढली, पोर्ट संपले की एक छोटा स्विच लावला. राजारामपुरीतल्या सीएच्या ऑफिसात किंवा उद्यमनगरातल्या वर्कशॉपात याहून फार वेगळं नसतं. मग एक दिवस चार जीबीचा बॅकअप एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला तास लागतो आणि सगळ्यांचं एकमत होतं, की सर्व्हर जुना झाला, बदलून टाकू.

अशा वेळी बऱ्याचदा सर्व्हरचा काहीच दोष नसतो. फाईल सर्व्हरच्या डिस्कवरून निघून केबल, स्विच, पुन्हा केबल, लॅन कार्ड असं करत तुमच्या डिस्कवर पोचते. या वाटेत जे सगळ्यात संथ असेल, त्याच्याच वेगाने सगळी फाईल येते. बाकी सगळं कितीही महागाचं असलं तरी उपयोग नाही. म्हणून काम एकच: ती अडकलेली जागा शोधायची. ती अंदाजाने सापडत नाही, मोजून सापडते.

आधी आकडे समजून घ्या

केबल आणि स्विचचा वेग एमबीपीएसमध्ये सांगतात, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. विंडोजची कॉपीची खिडकी मात्र सेकंदाला किती मेगाबाइट ते दाखवते. आठ बिटचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर हिशेबाने १२.५ आणि प्रत्यक्षात ११ ते ११.५ एमबी मिळतात. गिगाबिटवर, म्हणजे १००० एमबीपीएसवर, ११० एमबीच्या आसपास. १० एमबीपीएसवर जेमतेम १. चार जीबीची फाईल गिगाबिटवर ४० सेकंदांच्या आत जाते, १०० वर सहा मिनिटांपेक्षा थोडी जास्त घेते, आणि १० वर तासाच्या वर.

हे आकडे लक्षात असले की अर्धं निदान कॉपीच्या खिडकीतच होतं. 'मोअर डिटेल्स' दाबलं की वेगाचा आलेख दिसतो. एक-दोन जीबीची एकच फाईल घ्या, झिप किंवा व्हिडिओ चालेल. फोल्डर घेऊ नका, त्याचं कारण पुढे येईल. ती सर्व्हरवरून स्वतःकडे आणा, मग दुसरी तशीच फाईल सर्व्हरवर टाका. दोन्ही दिशांचे आकडे लिहून ठेवा, कारण कधी कधी एकच दिशा संथ असते.

आलेख ११ वर सपाट चालला असेल तर वाटेत कुठेतरी १०० ची लाइन आहे, जवळजवळ नक्की. १ वर सपाट असेल तर कुठलातरी पोर्ट १० वर उतरलाय. ३० ते ३५ वर अडकत असेल तर यूएसबी २ वर लावलेली बाहेरची हार्ड डिस्क असण्याची शक्यता मोठी. सुरुवातीला ११० आणि काही सेकंदांनी धप्पकन खाली, असं असेल तर नेटवर्क ठीक आहे. सुरुवातीचा वेग रॅमचा होता, रॅम भरल्यावर डिस्कचा खरा वेग उघडा पडला. आणि मोठी फाईल असूनही वेग एका एमबीच्याही खाली, वर-खाली होत, मध्येच शून्याला टेकत असेल, तर केबल किंवा डुप्लेक्सचा (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचं की पाळीपाळीने, या सेटिंगचा) घोळ समजा.

नेटवर्क की डिस्क?

हा फाटा ओळखला की पुढचा निम्मा शोध वाचतो. आयपर्फ नावाचा एक छोटा मोफत प्रोग्राम आहे. तो सर्व्हरवर सर्व्हर मोडमध्ये सुरू करायचा आणि आपल्या पीसीवरून सर्व्हरचा आयपी पत्ता देऊन चालवायचा. पहिल्यांदा फायरवॉल परवानगी मागते. आवृत्ती ३ पोर्ट ५२०१ वापरते, तेवढी द्या. हा प्रोग्राम डिस्कला हातच लावत नाही, रॅममधून रॅममध्ये डेटा पाठवतो. त्यामुळे मिळणारा आकडा निव्वळ नेटवर्कचा असतो. गिगाबिट धडधाकट असेल तर ९४० एमबीपीएसच्या आसपास येतो, १०० ची लाइन असेल तर ९४-९५. उलट्या दिशेचाही पर्याय आहे, तोही चालवून बघा.

आयपर्फ ९४० दाखवतोय आणि तरी फाईल रांगतेय, तर केबलवाल्याला बोलावू नका. दोष डिस्क, अँटिव्हायरस किंवा विंडोजच्या शेअरिंगमध्ये आहे. आयपर्फचाच आकडा कमी असेल तर डिस्क बदलून काहीही होणार नाही.

आयपर्फ टाकायची सोय नसेल तर दुसरी युक्ती. सर्व्हरवर रॅम पुरेशी मोकळी असताना एखादी मोठी फाईल तिथून स्वतःकडे कॉपी करा, मग लगेच तीच फाईल पुन्हा. दुसऱ्यांदा ती सर्व्हरच्या रॅममधून येते. दुसरी खेप बरीच वेगाने आली तर सर्व्हरची डिस्क संथ आहे. दोन्ही वेळा तेवढाच वेळ लागला तर संशय नेटवर्कवर.

नेटवर्कमध्ये दोष असेल तर

प्रत्येक पीसीवर नेटवर्क कनेक्शनच्या 'स्टेटस'मध्ये 'स्पीड' लिहिलेला असतो. १ जीबीपीएस, १०० एमबीपीएस की १०, ते वाचा. पण हा आकडा फक्त तुमच्या पीसीपासून पहिल्या स्विचपर्यंतचा असतो. पुढच्या वाटेबद्दल तो काही सांगत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. पीसी १ जीबीपीएस दाखवतो, पण त्याचा स्विच पुढे टेबलाखालच्या पाच पोर्टच्या जुन्या १०० च्या स्विचला जोडलेला असतो. अकाउंट्सचे सहा जण त्या एका डबीमागे बसले असतील तर सहा जणांची मिळून वाट ११ एमबीची. सगळे एकदम काम करू लागले की वाट्याला प्रत्येकी दोन एमबीही येत नाहीत. म्हणून मार्च संपताना किंवा रिटर्न भरण्याच्या शेवटच्या दिवसांत तक्रार वाढते आणि एरवी कुणाला काही जाणवत नाही.

दुसरी लपलेली जागा म्हणजे इंटरनेटवाल्याने दिलेला राउटर. त्याचे मागचे पोर्ट कधी सगळे १०० चे असतात, कधी एकच गिगाबिट आणि बाकीचे १०० चे. पीसी थेट त्यातच खोचलेले असतील तर ऑफिसमधल्या ऑफिसातली फाईलही त्यातूनच जाते. उपाय स्वस्त आहे: आठ किंवा सोळा पोर्टचा एक गिगाबिट स्विच घ्या, सर्व्हर आणि सगळे पीसी त्यावर आणा आणि राउटरला फक्त एक केबल द्या. टेबलावरच्या आयपी फोनमधून पीसीला लाइन दिलेली असेल तर फोनचा पोर्टही बघा; जुन्या फोनमध्ये तो १०० चाच असतो. आणि स्विचऐवजी खराखुरा जुना हब कुठे सापडला तर काढून भंगारात द्या. हबमध्ये एका वेळी एकच मशीन बोलू शकतं.

अडलेली जागा नेमकी शोधायला एक चांगला गिगाबिट लॅपटॉप आणि एक नवी पॅच कॉर्ड, म्हणजे पीसी किंवा स्विचला लावायची छोटी तयार केबल, घ्या. आधी सर्व्हरच्याच स्विचवर बसून आयपर्फ चालवा. ९४० आला की पुढच्या स्विचवर जा, मग त्याच्या पुढच्या. ज्या टप्प्याला आकडा पडतो त्याच्या आणि आधीच्या टप्प्याच्या मधे दोष आहे. भिंतीतल्या केबलवर बोट ठेवण्याआधी दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड बदलून बघा. खुर्चीच्या चाकाखाली येणारी आणि क्लिप तुटलेली तीच असते.

आता केबल. १०० एमबीपीएसला आठ तारांपैकी चारच लागतात: पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. जुन्या केबलची निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी जुन्या कार्डाला पत्ताही लागत नाही. तिथे नवा पीसी लावला की गिगाबिट जमत नाही. बरीच नवी कार्डं अशा वेळी गुपचूप १०० वर उतरतात, काहींची लिंक सारखी जाते-येते. 'जुन्या पीसीवर तर नीट चालत होतं' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. त्याचाच भाऊ म्हणजे एका केबलच्या आठ तारा चार-चार वाटून दोन पीसी चालवण्याचा जुगाड. तो १०० वर बिनबोभाट चालतो, गिगाबिटवर कधीच चालणार नाही. तिथे दुसरी केबल ओढण्यावाचून इलाज नाही.

जॅक पंच करताना रंगांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी येते हे बघून काही जणांना ते चुकल्यासारखं वाटतं आणि ते चारही जोड्या सरळ ओळीने लावतात. मग पिन ३ आणि ६ वर वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा येतात. आठ दिव्यांचा साधा टेस्टर एक ते आठ दिवे ओळीने लावून सगळं ठीक असल्याचं सांगतो, कारण तार तुटलेली नाहीच. पण जोडीतल्या दोन तारांचा एकमेकींभोवतीचा पीळ मोडल्यामुळे एका तारेचा सिग्नल दुसरीत झिरपतो आणि मोठी फाईल लडखडते. टेस्टरवर विसंबू नका, जॅक हातात घेऊन प्लॅस्टिकमधून रंग वाचा. पीळ टोकाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उसवलेला नसावा, आणि बाहेरचं आवरण जॅकच्या आत दाबलं गेलेलं असावं.

केबल विकत घेताना तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरट चमकली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. स्वस्त पडते, पण लांबीवर सिग्नल जास्त गळतो आणि दोन-चारदा वाकवली की तुटते. शुद्ध तांब्याची कॅट ५ई पुरते, नवं वायरिंग असेल तर कॅट ६. स्विच ते पीसी एकूण लांबी १०० मीटरच्या आत, पॅच कॉर्ड धरून.

फाउंड्रीत आणखी एक अडचण असते. ऑफिस ते शेड केबल ओढताना ती सोयीसाठी इंडक्शन फर्नेसच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेलेली असते. फर्नेस चालू झाली की चुका वाढतात, बंद झाली की सगळं सुरळीत, आणि तपासायला आलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. डेटाची केबल पॉवरच्या केबलपासून जमेल तितकी लांब न्या, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. दोन इमारतींमध्ये तर सरळ फायबर टाका. आमच्या मते इथे काटकसर करूच नये. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात वीज जवळपास कडाडली की तांब्याच्या लांब केबलमधून झटका येतो. कधी पोर्ट पूर्ण मरतो, कधी अर्धामुर्धा: लिंकचा दिवा लागतो, पण वेग १० वर. काचेच्या तारेतून झटकाही येत नाही आणि फर्नेसचा उपद्रवही होत नाही. फायबरला तांब्याच्या केबलशी जोडणारे डबे म्हणजे मीडिया कन्व्हर्टर; एका तारेवर चालणारे जोडीने येतात, एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी. दोन्ही टोकांना ए लावला तर लिंक येत नाही. घेताना ते गिगाबिटचे आहेत ना, हेही वाचा. १०० चेही मिळतात.

डुप्लेक्सचा घोळ जरा सविस्तर सांगायला हवा, कारण तो सगळ्यात जास्त छळतो. कुणीतरी कधीकाळी लॅन कार्डाच्या सेटिंगमध्ये '१०० फुल डुप्लेक्स' पक्कं करून ठेवलेलं असतं. समोरचा स्विच ऑटोवर. पक्कं केलेलं कार्ड वाटाघाटी बंद करतं, त्यामुळे स्विचला सिग्नलवरून वेग १०० आहे एवढं कळतं, फुल (एकाच वेळी दोन्ही बाजूंनी) की हाफ (पाळीपाळीने) ते कळत नाही. नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. आता कार्ड कधीही बोलतं आणि स्विच समोरचा बोलतोय असं पाहून मागे सरतो. पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, अर्धवट तुटतात, पुन्हा पाठवावी लागतात. पिंग, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतंय का याची छोटी चाचणी, बघितला तर एकदम छान, वेबसाइटही उघडते, पण मोठी फाईल कॉपी करायला घेतली की वेग किलोबाइटमध्ये. उपाय: डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबखाली 'स्पीड अँड डुप्लेक्स' हे 'ऑटो निगोशिएशन'वर ठेवा, आणि स्विचवर सेटिंगची सोय असेल तर तिथेही. गिगाबिटच्या तांब्याच्या लाइनला तर ऑटो लागतोच.

त्याच टॅबमध्ये 'जंबो फ्रेम', म्हणजे नेहमीपेक्षा मोठी पॅकेट पाठवण्याचा पर्याय, दिसेल. वेग वाढवण्यासाठी तो चालू करा असा सल्ला जागोजागी मिळतो. नव्या-जुन्याची मिसळ असलेल्या ऑफिसात तो बंदच ठेवा. जुनं कार्ड किंवा जुना स्विच १५०० बाइटपलीकडची पॅकेट टाकून देतो, आणि मग छोट्या फायली जातात, मोठ्या अडकतात. 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' मात्र बंद करून बघण्यासारखं आहे. वीज वाचवणारी ही सोय काही जुन्या स्विचशी पटवून घेत नाही आणि लिंक मधेच झोपते.

सगळंच ऑफिस एकदम ठप्प झालं आणि स्विचचे सगळे दिवे एका तालात फडफडत असतील, तर कुणीतरी एका केबलची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेल्या स्विचमध्ये खोचली आहेत. शेवटची लावलेली केबल काढा.

वाय-फायवर मोठ्या फायली हलवू नका, एवढंच. सगळे एकाच हवेतून पाळीपाळीने बोलतात, आणि २.४ गिगाहर्ट्झवरचा एखादा जुना लॅपटॉप बाकीच्यांनाही थांबवून ठेवतो.

नेटवर्क चांगलं, तरी फाईल संथ

इथे पहिला संशय छोट्या फायलींवर. दोन जीबीची एक फाईल पाऊण मिनिटाच्या आत येते, पण तेवढ्याच आकाराचा वीस हजार फायलींचा फोल्डर अर्धा तास खातो. प्रत्येक फाईलसाठी सर्व्हरशी वेगळं बोलणं होतं: नाव विचारा, परवानगी तपासा, उघडा, पाठवा, तारीख लिहा, बंद करा. मार्केट यार्डात गुळाचा ट्रक भरताना प्रत्येक रव्याला, म्हणजे ढेपेला, वेगळं वजन आणि वेगळी पावती करायला बसावं, तसं ते होतं. वर दोन्ही बाजूंचा अँटिव्हायरस प्रत्येक फाईल तपासतो. म्हणून फोल्डर सर्व्हरवरच झिप करा, झिप कॉपी करा, मग सोडवा. रोजच्या बॅकअपला विंडोजमधलंच रोबोकॉपी वापरा. त्याच्या 'एमटी' पर्यायाने एका वेळी आठ फायली चालतात. एका मशिनवर दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढाच.

टॅलीचा डेटा शेअर फोल्डरमध्ये ठेवून चार जण वापरत असतील तर तिथेही हाच प्रकार. मोठी फाईल जात नसते, हजारो छोटी वाचनं-लेखनं होत असतात. अशा कामाला केबलपेक्षा डिस्क महत्त्वाची. जुनी फिरती हार्ड डिस्क सलग वाचनात ८०-१०० एमबी देते, पण इकडचे-तिकडचे छोटे तुकडे वाचायला लावले की एका एमबीच्याही खाली जाते. सर्व्हरच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर आणि नेटवर्क निवांत दिसलं तर तिथे एसएसडी टाका. साधी साटा एसएसडीच घ्या. ती ५०० एमबीपर्यंत देते आणि तुमची केबल ११० च्या पुढे नेत नाही, तेव्हा फाईल कॉपीसाठी त्याहून महागाची घेऊन काही साधत नाही. काढलेली डिस्क आवाज करत असेल किंवा तिच्यावर वाचनाच्या चुका दिसत असतील, तर तीच संथपणाचं कारण होती आणि लवकरच ती डेटाही घेऊन बुडाली असती. बॅकअप त्याच दिवशी घ्या.

विंडोजच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचंही एक दुखणं आहे. फाईल शेअरिंगची भाषा म्हणजे एसएमबी. एक्सपीला तिची फक्त पहिली आवृत्ती येते, विंडोज ७ ला २.१, विंडोज ८ पासून ३. पहिली आवृत्ती छोट्या तुकड्यांत विचारत-विचारत चालते, म्हणून संथ. त्याहून गंभीर म्हणजे ती असुरक्षित आहे. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस तिच्यातल्याच भगदाडातून पसरला. विंडोज १० मध्ये त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या अपडेटपासून नव्याने टाकलेल्या मशिनवर तिची फायली शेअर करण्याची बाजू मुळात बंदच येते. लॅबमधला एक्सपी जोडता यावा म्हणून मुख्य सर्व्हरवर एसएमबी १ चालू करून देणं हा फार महागात पडणारा शॉर्टकट आहे, तो करू नका. स्पेक्ट्रोमीटरचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नसेल तर तो पीसी राहू द्या, पण इंटरनेटपासून आणि बाकी नेटवर्कपासून तोडा. शेजारी दोन लॅन कार्डांचा एक पीसी ठेवा, एक्सपीने त्याला एफटीपीने (फाईल पाठवण्याच्या एका वेगळ्या, जुन्या पद्धतीने) रिपोर्ट द्यावेत आणि तिथून ते सर्व्हरवर जावेत. रिपोर्ट काही केबींचे असतात, त्यांना वेग लागतच नाही.

उलट टोकाला विंडोज ११ प्रो. २४एच२ आवृत्तीपासून ते प्रत्येक एसएमबी पॅकेटवर डिजिटल सही मागतं. नव्या प्रोसेसरला ते जाणवत नाही, पण दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या सर्व्हरचा एखादा कोअर त्यात पूर्ण गुंतू शकतो, आणि पासवर्डशिवाय उघडणारा जुना नॅस (नेटवर्कला लावलेला फायली ठेवण्याचा डबा) कधी जोडलाच जात नाही. सही बंद करण्यापेक्षा नॅसवर पासवर्डचं खातं उघडा. सर्व्हर बदलायचं खरं कारण असेल तर ते इथे, टास्क मॅनेजरमध्ये डोळ्यांनी दिसतं.

दुरुस्ती झाली की तीच फाईल पुन्हा कॉपी करा, आयपर्फ पुन्हा चालवा आणि दोन्ही आकडे तारखेसकट एका कागदावर लिहून स्विचच्या वर चिकटवा, प्रत्येक टेबलाची एक ओळ. पुढच्या वेळी तक्रार आली की त्याच टेबलावर तेच दोन आकडे घ्या. आयपर्फचा आकडा पडला असेल तर पॅच कॉर्डपासून सुरुवात करा. तो जसाच्या तसा आणि फक्त फाईलचा वेग पडला असेल तर आधी सर्व्हरची डिस्क उघडून बघा.